यमाईच्या सदरेवर

चैत्री पौर्णिमेच्या दिवशी, उन्हे कलू लागल्यावर, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर ‘चांगभलं’चा जो गजर उठतो, तो ज्याने एकदा ऐकला त्याच्या कानांतून तो वर्षभर जात नाही. सातारा जिल्ह्यातील पाडळीच्या मानाच्या सासनकाठीमागून एकेक काठी खांद्यावर, छातीवर, तळहातावर तोलून नाचविली जाते, गुलालाने ओळखीचे चेहरे ओळखू येईनासे होतात, त्या लाल धुरळ्यातही दवण्याचा वास आपले वेगळेपण राखून असतो, आणि या सगळ्या कल्लोळाच्या अखेरीस श्रीजोतिबाची पालखी राउळाबाहेर पडते. लाखो माणसे त्या पालखीपुढे हात जोडतात. ती कोठे चालली आहे, हा प्रश्न मात्र त्यांतल्या फार थोड्यांच्या मनात येतो. पालखी पुढे चालली आहे एवढे पाहूनच आपले समाधान होते.

ती यमाईकडे चाललेली असते. गावाबाहेर थोड्याच अंतरावर असलेल्या देवळासमोर एक सदर आहे, त्या सदरेवर जाऊन ती विसावते, आणि संबंध दख्खनचा राजा म्हणून ज्याला आपण ओवाळतो तो देव तेथे एका रुसलेल्या देवतेच्या दारी बसतो. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, सर्वांत मोठ्या समुदायाच्या साक्षीने, देव जर कोठे जात असेल तर तो तेथे जातो. कित्येक वर्षे त्या गर्दीत मीही पालखीमागे चाललो, गुलाल उधळला, घसा बसेपर्यंत ओरडलो. परंतु या जाण्याचा अर्थ काय, याचा विचार फार उशिरा माझ्या मनात आला, याची खंत मला आजही आहे.

तो विचार सुचविला माझ्या आत्याने. माघातल्या रविवारचे खेटे ती कधी चुकवीत नसे. कोल्हापुराहून अनवाणी निघून, पंचगंगा ओलांडून, कुशिऱ्याच्या अंगाने डोंगर चढून ती वर यायची. मुख्य देवळातली रांग उरकली की आम्हां मुलांचे पाय परतीच्या वाटेकडे वळत, आणि नेमके त्याच वेळी ती पदराखालची पिशवी उघडून खण, नारळ आणि मूठभर तांदूळ नीट आहेत ना हे पाहत असे. “थांबा रे, यमाईची ओटी राहिलीया,” एवढेच ती म्हणे. तिच्या टाचांना पडलेल्या भेगांत गुलाल जाऊन बसलेला असे, आणि तो पुढे आठवडाभर धुऊन निघत नसे. ओटी भरून झाली की ती सदरेच्या कडेला टेकायची आणि मग जणू हातांतले काम पुरे झाले अशा स्वरात म्हणायची, “आता चला. हिला सांगितल्याबिगर गेलं तर देवालाच बोल लागतो.” त्या वयात तो एका म्हाताऱ्या बाईचा हट्ट वाटला. आज वाटते की डोंगराचे सगळे मर्म तिला ठाऊक होते.

यमाईची कथा भाविकांत सांगतात ती अशी. दक्षिणेतील असुरांचा पराभव करून केदारनाथ, म्हणजेच जोतिबा, रत्नागिरीवर स्थिरावले, त्यांच्या अभिषेकाचा समारंभ ठरला, देवदेवतांना आमंत्रणे गेली, आणि त्या गडबडीत औंधच्या यमाईचे निमंत्रण राहून गेले. ती रुसली. हे कळताच देव आपला सगळा लवाजमा घेऊन औंधास गेले, त्यांनी तिची मनधरणी केली, आणि अखेर ती या डोंगरावर येऊन राहिली. केदारनाथांचे माहात्म्य सांगणारी ‘केदारविजय’ ही पोथी घरोघर वाचली जाते. परंतु तिच्यातील युद्धप्रसंग जितक्या आवेशाने वाचले आणि ऐकले जातात, तितक्या आस्थेने रुसव्याफुगव्याच्या या कथांकडे आपण पाहत नाही. जगाच्या तारणाच्या कथेत एका निमंत्रणाची गोष्ट ती काय, असे आपल्याला वाटते, आणि आपण पान उलटतो.

माझे म्हणणे असे आहे की धर्मग्रंथांचा अर्थ पुष्कळदा या उलटलेल्या पानातच असतो. देवाकडून विस्मरणाचा अपराध घडला, हे सांगण्याचे धैर्य या कथेने दाखविले आहे. तो अपराध संकटात घडला नाही, विजयाच्या क्षणी घडला, हेही तिने सांगितले आहे. रणांगणावर सोबत्यांची आठवण सर्वांनाच असते, कारण तेव्हा गरज असते. राज्याभिषेकाच्या दिवशी मात्र पाहुण्यांची यादी करताना, ज्यांच्या आधाराने हा दिवस उगवला त्यांतलेच एखादे नाव गळते. आणि चूक उमगल्यावर तिचे परिमार्जन कसे करावे, तर कारकुनाकरवी खलिता पाठवून नव्हे, स्वतः उठून, वाट तुडवून, त्या दारी जाऊन करावे, असा निवाडाही तिने देऊन ठेवला आहे. ज्या सदरेवर बसून राजाने रयतेच्या फिर्यादी ऐकाव्यात, त्या सदरेवर येथे राजाच अर्जदार होऊन बसला आहे.

ही कथा दक्षयज्ञाच्या शेजारी ठेवून पाहावी. तेथेही निमंत्रणच राहिले होते, किंबहुना बुद्ध्याच दिले गेले नव्हते. आणि त्याचा शेवट सतीच्या देहत्यागात, वीरभद्राच्या थैमानात व यज्ञाच्या विध्वंसात झाला. अवघ्या भरतखंडाला ठाऊक असलेली ती कथा प्रचंड आहे, भीषण आहे. आमच्या या लहानशा डोंगरावरच्या कथेत कोणाचे मस्तक उडत नाही, कोणाचा यज्ञ मोडत नाही. जिचा मान चुकला तिच्या रोषाला येथे अधिकार म्हणून मान्यता मिळाली, आणि तो अधिकार वर्षासनासारखा कायम करून टाकण्यात आला. म्हणून तर पालखी एकदाच जाऊन थांबली नाही, ती दरसाल जाते. रुसवा मिटला, पण रुसव्याचे स्मरण मिटू दिले नाही.

त्या सदरेवर आणखी एक विधी होतो, आणि तो जवळून पाहण्याची संधी ज्यांना मिळाली त्यांनी तो विसरू नये. यमाई म्हणजे रेणुकाच, अशी परंपरागत श्रद्धा आहे. तिचा विवाह जमदग्नींशी तेथे लागतो, आणि जमदग्नी येतात ते कट्यारीच्या रूपाने. वराच्या जागी एक शस्त्र. ज्या ऋषीच्या क्रोधामुळे पत्नीवर मुलाच्याच हातून वधाचा प्रसंग ओढवला, त्या ऋषीचे प्रतीक म्हणून धारदार पाते समोर यावे आणि तेही अक्षता स्वीकारण्यासाठी यावे, हे दृश्य एरवी गलबल्यात क्षणभर दिसते व नाहीसे होते. मला त्यात एक विलक्षण गोष्ट दिसते. येथे वधूची पाठवणी होत नाही, वराचीच वरात तिच्या दारी येते. क्रोधाला पुन्हा स्वीकारावयाचे असेल तर त्याने आधी देवाच्या मागून, मान खाली घालून, जिच्यावर अन्याय झाला तिच्या उंबऱ्याशी यावे लागते. हा माझा अर्थ आहे, कोणा शास्त्रीबोवांचा नव्हे. परंतु परंपरेने हा विधी एवढी शतके जपला तो केवळ करमणुकीखातर जपला असेल, हे माझे मन मानावयास तयार नाही.

आमच्या पूर्वजांना हे कळत होते, याचा दाखला दगडांतच आहे. किवळच्या नावजी सया नावाच्या भक्ताने मूळ देऊळ बांधले अशी आख्यायिका आहे. त्या जागी आज दिसते ते मुख्य राउळ ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळपुरुष राणोजी शिंदे यांनी १७३० साली उभारले. यमाईचे देऊळही राणोजींनीच बांधले, आणि त्यापुढील जमदग्नी तीर्थही त्यांचेच. शेजारचे दुसरे तीर्थ करवीरच्या जिजाबाईसाहेबांनी १७४३ च्या सुमारास बांधविले असे सांगतात. राजकारणाच्या धकाधकीत आयुष्य घालविलेल्या त्या सरदाराला कुलस्वामीचे शिखर चढवून थांबता आले असते. त्यांनी गावाबाहेरच्या देवीचीही सोय लावली, कारण एकीवाचून दुसऱ्याचे देवपण पुरे होत नाही हे त्यांना ठाऊक होते.

मुख्य देवळाच्या आवारातच चोपडाईचे देऊळ आहे. पोथीतील तिचे नाव चर्पटांबा. असुरांच्या युद्धात तिचा वाटा मोठा मानलेला आहे, १७५० साली प्रीतिराव चव्हाण हिंमतबहाद्दर यांनी तिचे देऊळ बांधले, आणि श्रावण शुद्ध षष्ठीला तिच्यासाठी रात्रभर जागर होतो. त्या एका रात्रीखेरीज वर्षभर मात्र तिच्यापुढून माणसे घाईने जातात. जाता जाता एक नमस्कार होतो, तेवढाच.

जोतिबाच्या डोंगरावरून आग्नेयेस दृष्टी टाकावी, तर सपाटीवर करवीरनगरी दिसते, आणि त्या नगरीच्या पूर्वेला टेंबलाईची टेकडी. यमाईच्या कथेची जणू जुळी बहीणच तेथे वास करते. कोल्हासुराशी झालेल्या संग्रामात कामाक्ष नावाच्या असुराने कपिल मुनींचा योगदंड हिरावून देवांना पशुरूप करून टाकले असता, ज्या त्र्यंबोलीने, म्हणजेच टेंबलाईने, कामाक्षाचा वध करून देवांना त्यांचे रूप परत मिळवून दिले, तिलाच विजयोत्सवाचे बोलावणे गेले नाही. ती नगराकडे पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली, आणि महालक्ष्मीला, म्हणजे अंबाबाईला, सर्व देवांसह तिची समजूत घालण्यास जावे लागले, असे करवीरमाहात्म्याच्या आधाराने सांगतात. आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललितापंचमीला, अंबाबाईची पालखी आजही त्या टेकडीवर जाते, आणि गुरव घराण्यातील कुमारिकेच्या हस्ते तेथे कोहळा फोडला जातो. जोतिबाच्या खेट्यांविषयीही असेच सांगतात की, देव उत्तरेकडे परत जाऊ लागले तेव्हा त्यांना थांबविण्यासाठी पहिला खेटा घातला तो स्वतः अंबाबाईने. या मुलखातले देव आपल्या सिंहासनावर स्वस्थ बसून राहत नाहीत. ते एकमेकांकडे जातात, एकमेकांना विनवितात, आणि त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटांवरूनच आपल्या यात्रा चालतात.

त्या कोहळ्याचीही एक कथा आहे. मरतेवेळी कोल्हासुराने वर मागितला की या क्षेत्राला माझे नाव राहावे आणि वर्षाकाठी कोहळ्याचा बळी मला मिळावा; देवीने तो दिला. नगर वसले ते मारणारीच्या कृपेने, आणि नाव मिळाले ते मेलेल्याचे. डोंगरावरही तेच. रत्नासुर मारला गेला, पण डोंगराला रत्नागिरी हे नाव त्याच्यावरून पडले असे मानतात, आणि सरकारी दप्तरात, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर, गावाचे नाव आजही वाडी रत्नागिरी असेच आहे. जेत्याने पराभूताचे नाव पुसून काढले नाही, उलट आपल्या पत्त्यातच ते लिहून ठेवले, असे उदाहरण जगाच्या इतिहासात सहज सापडत नाही. जिंकलेल्या शहरांची नावे बदलण्याचा हव्यासच तेथे पदोपदी दिसतो.

जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्मल्यामुळे ज्यांचे नाव जोतीराव ठेवले गेले असे सांगतात, त्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून पुराणांतल्या पराभूतांची कैफियतच जगापुढे मांडली. बळीराजाच्या राज्याची व्यवस्था वर्णन करताना म्हसोबा हा मुळात महासुभा, म्हणजे मोठ्या मुलखाचा अधिकारी, आणि खंडोबा हा खंडांचा न्याय करणारा, असे त्यांनी प्रतिपादिले. त्यांची व्युत्पत्ती सर्वांस मान्य होईल असे नाही, आणि पोथी मानणारा भाविक त्यांच्या निष्कर्षांशी भांडेल हेही उघड आहे. परंतु ज्याला सगळे विसरले त्याची बाजू ऐकल्यावाचून पुराण पुरते वाचून होत नाही, हा त्यांचा आग्रह मला धर्माला पोषक वाटतो. टेंबलाईवर कोहळा फोडणारी ती अजाण मुलगी, आपल्याला न कळत का होईना, कोल्हासुराला दिलेले वचनच पाळीत असते.

बंगालीत रवींद्रनाथांनी ‘काव्येर उपेक्षिता’ हा निबंध लिहून रामायणातील ऊर्मिलेकडे रसिकांचे लक्ष वेधले. त्या वाटेने पुढे मैथिलीशरण गुप्तांनी १९३१ साली हिंदीत ‘साकेत’ महाकाव्य पुरे केले. मराठीत इरावतीबाई कर्व्यांच्या ‘युगान्त’ने महाभारतातील माणसे नव्याने पाहावयास शिकविली. या थोर लेखकांचे ऋण मोठे आहे. तरीही त्या उपेक्षितांकडे पाहण्याची आपली दृष्टी बहुधा करुणेची राहते. ऊर्मिला चौदा वर्षे मूक राहते, आणि तिच्यासाठी अश्रू कवीला ढाळावे लागतात. यमाई आणि त्र्यंबोली यांना कोणाच्या अश्रूंची गरज पडली नाही. त्यांनी आपला मान स्वतः मागितला, आपले म्हणणे पाठ फिरवून रुजू केले, आणि ते मान्य होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांनी जपलेल्या या कथांत जो स्वाभिमान आहे, तो अभिजात महाकाव्यांत मला इतक्या सहजतेने भेटलेला नाही.

इतिहासाचा अभ्यासक येथे म्हणेल की, या सगळ्या कथा म्हणजे निरनिराळ्या स्थानिक दैवतांना एका मोठ्या दैवताच्या परिवारात सामावून घेण्याच्या खटपटी आहेत. औंधची यमाई आधी स्वतंत्र होती, डोंगराचा देव प्रबळ झाला, तेव्हा दोघांच्या भक्तगणांत सलोखा राहावा म्हणून रुसव्याची कथा रचली गेली. असेल. मला त्यात धर्माची हानी दिसत नाही. दोन समाज जवळ येताना धाकट्याची वहिवाट मोडून न टाकता ती मान्य करण्यात आली, तिला वर्षातला सर्वोच्च दिवस बहाल करण्यात आला, आणि तो करार कागदावर न लिहिता पालखीच्या मार्गावर लिहिला गेला, एवढेच त्यावरून सिद्ध होते. सलोखा हा जर कथेचा उगम असेल, तर सलोखा हाच तिचा आध्यात्मिक अर्थही आहे.

वेदान्ती मित्र वेगळी शंका काढतात. सर्वत्र एकच चैतन्य असता या लहानसहान देवतांच्या मानापमानात मन कशाला गुंतवावे, असे ते विचारतात. त्यांना माझे नम्र उत्तर असे की, ते एक चैतन्य खरोखरच सर्वत्र असेल, तर ते निमंत्रण चुकलेल्यांमध्येही आहे. आणि तेथेच ते आपल्याला सर्वांत उशिरा दिसते. लग्नाच्या घरी पहिल्या पंगतीतला पाहुणा सर्वांना दिसतो. जिने आदल्या रात्री जागून पुरण वाटले, ती जेवली की नाही हे विचारणारा विरळा. परमेश्वराचे रूप पाहावयाचे तर नजर त्या दुसऱ्या माणसाकडे वळविण्याची सवय लागावी लागते, आणि ती सवय लावण्याची जी योजना आमच्या डोंगराने केली आहे, तिच्यापेक्षा सोपी योजना माझ्या पाहण्यात नाही: पालखीमागे चालावयाचे, एवढीच.

दुःख याचे वाटते की चालणारे वाढले आणि सांगणारे कमी झाले. पूर्वी खेट्याच्या वाटेवर, गायमुखाशी पाण्याला टेकताना, कोणी ना कोणी म्हातारे माणूस ही कथा सोबतच्या पोरांना सांगे; आता मोटारी देवळाजवळ येऊन थांबतात, रांग लागते, दर्शन होते, छायाचित्र निघते आणि मोटार उतरणीला लागते. माणसे वाईट झाली असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या कारभाराखाली तीन हजारांवर देवस्थाने आहेत, आणि तिच्यापुढील कामांचा डोंगर मी जाणतो. तथापि यमाईच्या आणि चोपडाईच्या देवळापाशी त्या त्या देवतेची कथा साध्या मराठीत कोरलेला एकेक दगड उभा करावयास फारसा खर्च येणार नाही, आणि रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसाला वाचावयास काहीतरी मिळेल. कीर्तनकारांनी चैत्राच्या सुमारास हा विषय निरूपणास घ्यावा. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील शाळांनी मुलांना डोंगरावर नेताना दोन देवळे अधिक दाखवावीत.

आणि वाचकहो, तुम्ही जेव्हा पुढल्या वेळी डोंगरावर याल, तेव्हा देवाचे दर्शन झाल्यावर लगेच परतू नका. गावाबाहेर पडून यमाईच्या देवळापर्यंत चालत जा, ओटीचे सामान असेल तर ओटी भरा, नसेल तर नुसते हात जोडा, आणि ज्या सदरेवर चैत्री पौर्णिमेला देव येऊन बसतो तिच्या कडेला घटकाभर बसा.